सोबती चालतो आहे

लग्नाला पाच वर्षं होऊन गेल्यावर एका रविवारी केतकी इंगवलेने नवऱ्याला स्वच्छ सांगितलं, "शार्दूल, आता पळायची पाळी तुझी."

चिडून नव्हे, पुरतं थकून बोलली ती. दोनदा उपचार झाले होते. दोन्ही खेपांना सुया तिच्या पोटात, गोळ्या तिच्या घशात, मळमळ तिला. आणि आकडा कमी नवऱ्याचा. तिसऱ्यांदा त्या पलंगावर पडायची तिची तयारी नव्हती.

तो दोन हजार त्रेचाळीसचा सुमार. 'आकडा' म्हणजे कसला आकडा हे तेव्हा कोणाला विचारावं लागत नसे. पुरुषाच्या थेंबभर वीर्यात किती दशलक्ष जिवंत बीजं पोहतात त्याचा तो हिशेब, आणि जगभर तो वर्षागणिक घसरत चालला होता. स्थळांच्या पत्रिकेत उंची आणि शिक्षणाच्या मधोमध त्याचा रकाना आला होता. केतकी कोल्हापुरातल्या ज्या शाळेत भूगोल शिकवायची, तिथे पहिलीच्या दोन तुकड्या मुलांअभावी बंद पडल्या होत्या. शार्दूलचा आकडा सहा. पंधराच्या आत म्हणजे काळजी. तालमीत घुमलेल्या आजोबांचा नातू, छाती भरदार, मिशी झुबकेदार, नाव शार्दूल, आणि आकडा सहा. अहवाल हातात घेऊन तो खूप वेळ जिन्यात उभा राहिला होता, हे केतकीने पाहिलं होतं. म्हणून तिने त्याला कधी टोमणा मारला नाही.

त्याचं काम बसून करायचं. साखर कारखान्याच्या थंडगार खोलीत, मऊ खुर्चीत रुतून, मांडीवर तापलेला पडदा घेऊन तो शिरोळच्या शिवारातली तीन ऊसतोडणी यंत्रं लांबूनच चालवायचा. सकाळी बसला की उठायचा तो जेवायला.

"पळतो मी," तो म्हणाला. "पण कुठे पळू, ते तर कोणी सांगा."

ते सांगायला 'वंशदीप' नावाची कंपनी राजारामपुरीत टपून बसलीच होती.

*

कंपनीच्या सभागृहात चाळीसेक जोडपी एकमेकांची नजर चुकवत बसली होती. कंपनीचे इथले प्रमुख सरनोबत पुढे आले. रेशमी कुर्ता, हातात ध्वनिक्षेपक, चेहरा लग्न जमवणाऱ्या काकांसारखा. त्यांनी पडद्यावर नैरोबीच्या डॉ. वांजिरूंना बोलावलं. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या त्या बाई एकही शब्द वाया घालवत नव्हत्या, आणि त्यांचं बोलणं मराठीत ऐकू येत होतं.

"पुरुषाचं बीज शरीराच्या आत न बनता बाहेर लोंबणाऱ्या पिशवीत बनतं," त्या म्हणाल्या. "इतकी नाजूक गोष्ट निसर्गाने उघड्यावर ठेवली, कारण त्या कामाला शरीरापेक्षा दोन-तीन अंश गारवा लागतो. तुम्ही काय करता? घट्ट पँटीत ती आवळता, गुबगुबीत खुर्चीवर दाबता, वरून मांडीवर शेगडी ठेवता."

सभागृहातल्या चाळीसच्या चाळीस पुरुषांनी मांड्या हळूच फाकवल्या.

"दुसरी गोष्ट प्लॅस्टिकची. ते मऊ राहावं म्हणून त्यात जे मिसळतात ते गरम अन्नातून पोटात जातं आणि शरीरातल्या संप्रेरकांची नक्कल करतं. शरीर फसतं. त्यात झोप नाही, चालणं नाही. यातलं एकटं कोणतंच कारण पुरेसं नाही, सगळी मिळून घात करतात. उत्तर केनियाच्या माळावर उंट-शेळ्या राखणारे सांबुरू पुरुष मी नऊ वर्षं तपासते आहे. सैल कापड, दिवसभर पायपीट, ताजं दूध, अंधार पडला की झोप. त्यांचे आकडे घसरलेले नाहीत."

"म्हणजे त्यांच्या रक्तातच काही असणार," मागून एक जण म्हणाला.

"त्यांचे सख्खे भाऊ नैरोबीत माझ्या शेजारी राहतात आणि दिवसभर खुर्चीत बसतात. त्यांचे आकडे तुमच्यासारखेच आहेत. त्यामुळे रक्त सोडा. त्यांचा दिवस पाहा."

"आणि तोच दिवस," सरनोबतांनी ध्वनिक्षेपक तोंडाशी नेला, "आम्ही तुमच्या कमरेला बांधतो!"

ते यंत्र म्हणजे बोटभर रुंदीचा पातळ पट्टा. नाव 'सोबती'. प्रत्येक गिऱ्हाइकाची जोडी माळावरच्या एका खऱ्या, जिवंत माणसाशी लावलेली. त्याच्या दंडावर तसलाच पट्टा. तो चालला की उपग्रहामार्फत इकडे कळणार, आणि इकडच्याने चालायचं. तो थांबला की थांबायचं, उकिडवा बसला की उकिडवं बसायचं, झोपला की झोपायचं. नुसतं वेळापत्रक देऊन पाहिलं होतं, पण लोक यंत्राला सर्रास फसवत. पलीकडे खराखुरा माणूस उन्हात चालतोय म्हटल्यावर मात्र बसून राहायची लाज वाटते, असं प्रयोगात दिसलं होतं. बीज तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, तेवढे दिवस नेटाने निभवायचं. घामावरून पट्टा आकडाही सांगणार होता.

शार्दूलच्या सोबत्याचं नाव लेकिशोन. पडद्यावर त्याचं छायाचित्र आलं. उंच, सडपातळ, खांद्यावर लाल कापड, हातात काठी. पलीकडून आपल्याकडेच बघून हसू दाबतोय, असं केतकीला उगीच वाटलं.

*

दिवाळी झाल्यावर पट्टा कमरेला चढला आणि इंगवल्यांच्या घरची घडी विस्कटली.

पट्टा आधी गुदगुल्या करायचा, मग चिमटा काढायचा आणि तरीही ऐकलं नाही तर बोलायचा. आवाज जुन्या आकाशवाणीवरच्या निवेदिकेसारखा, शुद्ध आणि खणखणीत. केनियात उजाडायचं तेव्हा कोल्हापुरात नऊ वाजत आलेले असायचे. त्यामुळे शहर कामाला लागलं की हा लुंगी नेसून रंकाळा तळ्याला फेऱ्या मारायला निघायचा, तेही भर उन्हात. कारखान्याने त्याला हातात धरायचा छोटा नियंत्रक दिला. चालता चालता तो यंत्रं चालवू लागला. एकदा माळावर लेकिशोनची शेळी उधळली. पट्टा ओरडला, "सोबती धावतो आहे. धावा!" शार्दूल धावला, अंगठा दाबला गेला, आणि तिकडे शिरोळात एका यंत्राने ऊस सोडून शेजारच्याच्या भेंडीत मुसंडी मारली.

"शेळी घावली का पण?" त्याच्या आईने, वैजयंताबाईंनी, संध्याकाळी विचारलं.

"कोणाची?"

"त्या लेकिशोनची. तेवढं पळालास ते वाया जायाला नको."

आईंचा पट्ट्याला विरोध होता तो फक्त लुंगीपुरता. तोही पोरगं गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पेल्याने पिऊ लागलं तसा मावळला. घरातले प्लॅस्टिकचे डबे बोहारणीला गेले. कपाटावरची पितळेची भांडी खाली आली आणि ती घासायची कोणी, यावरून दोन दिवस घर तापलं. शेवटी शार्दूलच घासायला बसला, कारण त्या वेळी लेकिशोन उकिडवा बसला होता.

कागलला मामेबहिणीच्या लग्नात तर कहर झाला. पंगतीत जिलेबीचा घास तोंडाशी नेला आणि आवाज घुमला, "सोबती उठला आहे. उठा." शार्दूल जिलेबीसकट उठला. "सोबती चालतो आहे. चाला." तो मांडवाला फेऱ्या घालू लागला. सनईवाल्यांना वाटलं वरात निघाली. त्यांनी ताल बदलला. नवरदेवाचे आजोबा चष्मा सावरत म्हणाले, "नवरदेवापेक्षा ह्या पाव्हण्याच्याच प्रदक्षिणा जास्त झाल्या की."

केतकी त्या दिवशी पोट धरून हसली. हसता हसता तिला जाणवलं, की दोन वर्षांत आपण असं हसलो नव्हतो. नवरा उन्हाने रापला होता, पोट सपाट झालं होतं, रात्री तो लाकडाच्या ओंडक्यासारखा गाढ झोपत होता. तो सकाळी उठून आधी विचारायचा, "तो उठला का बघ गं." जणू लेकिशोन शेजारच्या खोलीत राहायला आला होता.

आणि आकडा चढत होता. जानेवारी संपता संपता तो एक्क्याऐंशीवर गेला.

वंशदीपच्या इतिहासात एवढी उडी कोणी मारली नव्हती. दाभोळकर कॉर्नरला फलक लागला. शार्दूल लुंगीत, काठी खांद्यावर, मागे मावळता सूर्य, खाली अक्षरं: 'कोल्हापूरचा वाघ. सहावरून एक्क्याऐंशी!' दूधकट्ट्यावर पोरं त्याच्या पाया पडू लागली. "भावा, नाद नाही करायचा तुझा!" ज्या मावशीने आजवर केतकीला वांझोटी म्हणायचंच तेवढं बाकी ठेवलं होतं, तिने पेढे पाठवले. शाळेत सहावीतल्या एका मुलीने वर्गात हात वर केला.

"मॅडम, तुमच्या सरांचे एक्क्याऐंशी काय आहेत?"

"नवाचा पाढा पाठ आहे का तुझा?" केतकी म्हणाली. "म्हण बघू."

*

फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका संध्याकाळी पट्टा म्हणाला, "सोबती घरापासून दूर मुक्कामाला आहे. आज रात्री उघड्यावर झोपा."

माळावर कोरडा हंगाम आला होता. जवळचं गवत संपलं, की लेकिशोन उंट घेऊन लांबच्या डोंगरात जायचा आणि तिकडेच मुक्काम करायचा. शार्दूलने चटई आणि चादर उचलली व गच्ची गाठली. केतकीला वाटलं, एका रात्रीचा प्रश्न आहे. आठवडा गेला, दुसरा गेला. मग महिना.

"तू खाली येऊ शकत नाहीस का?" तिने विचारलं.

"केतकी, तो माणूस तिकडे दगडांत झोपलाय. माझ्यासाठी. आणि मी गादीवर झोपू?"

"गादीवर झोप कुठे म्हणतेय मी? माझ्याजवळ झोप म्हणतेय."

"आकडा उतरेल गं."

"उतरू दे की. एक्क्याऐंशी काय लोणचं घालायला ठेवलेत?"

तो हसला, पण गच्चीवर गेलाच. त्याचं वाईट वाटावं की राग यावा, तिला कळेना. तो लबाड नव्हता. ज्याला इतके दिवस सहाच्या आकड्याने मान खाली घालायला लावली, त्याला एक्क्याऐंशीने मान वर करायला शिकवलं होतं. आणि ती मान आता त्याला कशासाठीही वाकवायची नव्हती. शिवाय तो दूरचा माणूस त्याला खरोखरच जिवलग वाटू लागला होता. एकदा लेकिशोन दोन दिवस लंगडत चालला, तर हा इकडे आयोडेक्सची बाटली हातात घेऊन बसला होता.

मार्चमध्ये आधीचे उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी केतकीला योग्य दिवस सांगितले. आई मुद्दाम बहिणीकडे गडहिंग्लजला गेल्या. केतकीने शाळेतून लवकर येऊन तांबडा-पांढरा रस्सा केला, ठेवणीतली साडी नेसली. शार्दूल जेवला, दोन वाट्या पांढरा रस्सा मागून प्यायला. "आज किती छान दिसतेस," असंही मनापासून म्हणाला. तेवढ्यात निवेदिका बोलली. त्याने उशी उचलली आणि बिचारा खालच्या मानेने जिना चढून गेला.

केतकी उरलेल्या रश्श्याचं पातेलं उचलून शेजारच्या घरी देऊन आली.

*

एप्रिलच्या मध्यावर ती अकरावीला विषुववृत्ताजवळचा पाऊस शिकवत होती. सूर्य उत्तरेकडे सरकतो तसा पावसाचा पट्टाही त्याच्या मागे सरकतो, आणि मार्च-एप्रिलमध्ये पूर्व आफ्रिकेच्या कोरड्या माळांवर मोठा पाऊस उतरतो. तिने भिंतीवरच्या पडद्यावर त्या दिवसाचं उपग्रहचित्र उघडलं. उत्तर केनिया हिरवागार झाला होता.

केतकी बोलता बोलता थांबली.

तास संपवून ती शिक्षकांच्या खोलीत आली आणि फोनवर पट्ट्याची माहिती पाहिली. सोबती: घरापासून दूर. तिने चित्र मोठं करून पुन्हा पाहिलं. तीन आठवडे पाऊस झालेला. दाराशी गवत उभं असताना उंट घेऊन दगडधोंड्यांत कोण हिंडतं?

कंपनीला विचारण्यात अर्थ नव्हता. सरनोबत नवीन फलकाच्या गडबडीत होते. तिने सरळ नैरोबीला डॉ. वांजिरूंना फोन लावला.

"कोरडा हंगाम संपला तर," बाई सावकाश म्हणाल्या, "तो परतायला हवा होता. तुम्ही बरोबर विचारताय. मला त्याचा नंबर देता येणार नाही. पण त्याच्या घरी विचारते, तुमच्याशी बोलायचं आहे का."

दुसऱ्याच दिवशी दुपारी फोन वाजला. पडद्यावर एक तिशीची बाई, गळ्यात मण्यांच्या माळांचा थर, मागे हिरवा माळ आणि उंटाचं एक पिल्लू सारखं मध्ये तोंड घालतंय. तिने त्याला कोपराने ढकललं. ती बोलली की फोनमधलं यंत्र तिचं म्हणणं पुस्तकी मराठीत सांगायचं.

"मी नाइसुला. लेकिशोनची पत्नी. त्या आजारी पुरुषाची पत्नी तूच का?"

"आजारी? तो ठणठणीत आहे."

"मग माझा पती त्याच्यासाठी रानोमाळ का भटकतो आहे?"

हळूहळू सगळं बाहेर आलं. कंपनीचा माणूस पट्टा बांधायला गेला तेव्हा लेकिशोनला म्हणाला होता, तुझ्या पावलांवर भारतातल्या एका माणसाचं मूल अवलंबून आहे. कंपनीने बोलायचं म्हणून बोललेलं वाक्य. लेकिशोनने ते मनावर घेतलं. आपल्या पायपिटीने तिकडचा आकडा एक्क्याऐंशीवर गेला असं लांबच्या मुक्कामावर कळल्यावर त्याने चार वडीलधाऱ्यांसमोर सांगून टाकलं, की त्या माणसाला मूल होणार अशी बातमी येईपर्यंत मी घरी झोपणार नाही. वडीलधाऱ्यांनी त्याची पाठ थोपटली.

"सगळ्यांचे पती पावसाबरोबर परतले," नाइसुला म्हणाली. "माझा तेवढा नाही. धाकटी विचारते, बाबा कोणावर रागावले? मी काय सांगू? तुझा पती कोठे झोपतो?"

"गच्चीवर," केतकी म्हणाली. "तुमचा उघड्यावर झोपतो म्हणून."

नाइसुलाचे खांदे हलू लागले. तिने मण्यांवर हात दाबून धरला, तोंड फिरवलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं आणि फुटलीच. यंत्राला काय करावं कळेना. ते गंभीरपणे म्हणालं, "हास्य. हास्य. हास्य."

केतकीलाही आवरेना. शिक्षकांच्या खोलीत गणिताच्या सरांनी वर पाहिलं तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्यात थोडं रडूही मिसळलेलं होतं.

"या पुरुषांना सर्व काही समजावले," नाइसुला डोळे पुसत म्हणाली, "एवढेच सांगायचे राहिले. मी उद्या निघते. एका दिवसाची वाट आहे. तू तुझ्या घरी सज्ज राहा."

*

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शार्दूल रंकाळ्याहून परतून चालता चालताच माठातलं पाणी पीत होता. आई दूरदर्शनसमोर शेंगा सोलत होत्या. केतकी वह्या तपासायचं सोंग करत बसली होती.

"सोबती थांबला आहे," पट्टा म्हणाला. "थांबा."

शार्दूल पेला हातात धरून थांबला.

"सोबत्याच्या हृदयाचे ठोके वाढले आहेत. कारण अज्ञात."

"अरे देवा!" शार्दूलचा चेहरा उतरला. "केतकी, वाघबिघ आला असेल त्याच्यासमोर!"

"आफ्रिकेत वाघ नसतात," केतकी वहीतून मान न उचलता म्हणाली. "सिंह असतात."

"मग सिंह असेल!"

"सोबती मागे सरकतो आहे. मागे सरका." शार्दूल मागे सरकत सरकत काचेच्या कपाटाला टेकला. "सोबती उकिडवा बसला आहे. बसा. सोबती उठू पाहतो आहे. सोबती पुन्हा बसला आहे. सोबत्याची मान खाली आहे. मान खाली घाला."

"सिंहापुढे मान खाली?" शार्दूल पुटपुटला.

"घाल," केतकी म्हणाली आणि वही मिटून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "तिकडे सिंह नाही, त्याची बायको आलीय. आणि तिचं बोलणं होईस्तोवर तुला असंच बसावं लागणार आहे, तेव्हा माझंही ऐकून घे."

तिने सगळं सांगितलं. पाऊस, गवत, वडीलधारी माणसं, ती शपथ. शार्दूलने दोनदा मान वर करायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा पट्ट्याने चिमटा काढला.

"तो तुझ्यासाठी घरी जात नाही," केतकी म्हणाली, "आणि तू त्याच्यासाठी खाली येत नाहीस. तुम्ही दोघं एकमेकांसाठी एवढं करताय, शार्दूल. मूल नेमकं होणार कुणाला?"

आईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"मला एक्क्याऐंशी नको होते रे," तिचा आवाज खाली आला. "सहा होते तेव्हा तू रात्री माझ्या शेजारी जागा असायचास. मला ते कळायचं. आता तू गच्चीवर घोरतोस आणि मी जागी असते."

शार्दूलने हातातला पेला जमिनीवर ठेवला. माळावरही ऐकून घेणंच चाललं असावं, कारण पट्ट्याने नवा हुकूम सोडला नाही.

मग पट्टा म्हणाला, "सोबती उठला आहे. उठा. सोबती घराच्या दिशेने निघाला आहे. घरी जा."

"घरीच आहे मी," शार्दूल म्हणाला.

"सोबत्याचा संपर्क तुटला आहे."

लेकिशोनने, किंवा नाइसुलाने, दंडावरचा पट्टा काढून टाकला होता. लगेच फोन खणखणला. सरनोबत होते. "इंगवले, घाबरू नका! तुम्हाला दुसरा सोबती जोडून देतो, पाच मिनिटं जागचे हलू नका!"

शार्दूलने केतकीकडे पाहिलं. मग कमरेकडे हात नेला, पट्ट्याची कडी सोडवली आणि तो माठाशेजारी ठेवून दिला. इतक्या महिन्यांनी कमरेवर पांढरा पट्टा उमटला होता. हात कुठे ठेवावेत, उभं राहावं की बसावं, त्याला सुचेना.

"आता मी काय करू?" त्याने विचारलं.

"तुला काय करावंसं वाटतंय?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "भूक लागलीय."

आई पदराला हात पुसत उठल्या. "भात टाकलाय, आमटी तयार हाय. वाढून घ्या तुमचं तुम्ही. मी गडहिंग्लजला चालले, साडेसातची बस हाय."

"आत्ता? का?"

"भणीची याद आली," आई म्हणाल्या आणि पिशवी शोधू लागल्या.

*

आकडा उतरला. महिनाभराने तपासला तर त्रेपन्न भरला, आणि कामाला त्रेपन्न भरपूर होते. शार्दूल उभ्यानेच यंत्रं चालवायचा आणि सकाळी केतकीसोबत रंकाळ्याला फेरी मारून यायचा. आता थांबायचं कधी ते दोघं ठरवत. दाभोळकर कॉर्नरचा फलक उतरला. त्या जागी कुलरची जाहिरात आली.

जूनच्या अखेरीस केतकीने बातमी सांगितली, ती सासूच्या आधी नाइसुलाला. पलीकडे फोन हिसकावल्याचा आवाज झाला आणि पडद्यावर लेकिशोन आला. दोघा पुरुषांनी एकमेकांना पहिल्यांदाच असं समोरासमोर पाहिलं. दोघेही लाजले.

"मी घरी परतलो," लेकिशोन म्हणाला, "तेव्हापासून मला वाटत होते, तुझे मूल मी मारले. पत्नीला सांगितले नाही. आज जेवण गोड लागेल."

काहीतरी मोठं बोलावं असं शार्दूलला वाटलं, पण तोंडातून आलं, "तुमचा पाय कसा आहे? मध्ये लंगडत होता."

"काटा होता. निघाला. एक विचारू? तू प्रतिदिनी चालत होतास. जनावरे किती आहेत?"

"जनावरं नाहीत."

"मग कोठे जात होतास?"

"तळ्याभोवती."

"तळ्याच्या पलीकडे काय आहे?"

"काही नाही. फिरून तळंच."

लेकिशोनने त्याच्याकडे कितीतरी वेळ अपार करुणेने पाहिलं.

डॉ. वांजिरूंनीही फोन केला. पुढच्या प्रयोगासाठी त्यांनी एक नवा नियम घातला होता: सोबत्याची बायको हो म्हणाल्याशिवाय पट्टा बांधायचा नाही. "नऊ वर्षं मी त्यांचं तापमान मोजलं, पावलं मोजली, दूध मोजलं," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या. "बायकांना काही विचारावं, हे सुचलंच नाही. आणि मी स्वतः बाई आहे."

फाल्गुनात बारसं झालं. मुलगा. नाव निनाद. घर पाहुण्यांनी भरलं होतं. भिंतीवरच्या पडद्यावर नाइसुला, लेकिशोन आणि त्यांची तिन्ही मुलं दाटीवाटीने बसली होती. सरनोबतही आले, बोलावलं नव्हतं तरी. त्याच रेशमी कुर्त्यात, हातात भलामोठा खोका. कंपनीने तान्ह्या बाळांसाठी नवा लंगोट काढला होता: प्लॅस्टिकचे तीन थर, वर छोटासा दिवा, ओला झाला की आईच्या फोनवर घंटी. आईंनी हरकत घेण्याआधीच त्यांनी तो स्वतःच्या हातांनी बाळाला चढवला आणि छायाचित्रासाठी बाळाला उचलून छातीशी धरलं. बाळ लालबुंद होऊन किंचाळू लागलं.

पडद्यावर नाइसुला पुढे झुकली. यंत्राने तिचा प्रश्न खणखणीत आवाजात सगळ्या घराला ऐकवला.

"त्या बालकाला पिशवीत का बांधले आहे?"

शार्दूल पुढे झाला. त्याने सरनोबतांच्या हातातल्या बाळाच्या लंगोटाच्या चिकटपट्ट्या दोन्ही बाजूंनी सोडवल्या आणि तो ओढून काढला. बाळ रडायचं थांबलं. त्याने पाय झाडले, वारा लागल्याचा विचार केला आणि मग उंच, लख्ख, कमानदार धार सोडली. ती सरनोबतांच्या रेशमी कुर्त्याच्या गळ्यापासून खाली उतरत गेली.

तिकडे माळावर तिन्ही पोरांनी टाळ्या पिटल्या. "हास्य. हास्य. हास्य," यंत्र सांगत होतं. नाइसुला मात्र हसली नाही. तीन मुलांच्या आईच्या जाणत्या नजरेने तिने ती धार शेवटपर्यंत पाहिली.

"ठीक आहे हा," ती म्हणाली. "आता असाच राहू द्या."